एमएमएची फाइट बघायची कशी? कुस्ती बघत मोठं झालेल्यांसाठी, वजनापासून निकालापर्यंत

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे, लाथा आणि पकड सगळं चालणारी झुंज, आणि अशा फाइट भरवणारी मोठी अमेरिकन कंपनी म्हणजे यूएफसी. आमचे मामा तालमीत वाढलेले. एका रविवारी सकाळी मी यूएफसी लावून बसलो होतो (तिकडे अमेरिकेत शनिवारची रात्र म्हणजे आपल्याकडे रविवारची सकाळ, त्यामुळे हा खेळ पोह्यांबरोबरच बघावा लागतो), मामा चहा घेऊन शेजारी टेकले आणि तेवढ्यात एकाने दुसऱ्याचा झक्कास पट काढला आणि त्याला धाडकन पाठीवर घेतला. मामा ओरडले, "चितपट! संपली की रे!" आणि उठायला लागले. म्हटलं मामा बसा, आत्ता कुठं सुरू झालीये. दीड-दोन मिनिटांत खाली पाठीवर पडलेल्यानेच वरच्याच्या मानेला पायांची कैची घातली आणि वरचा टपटप हात आपटून, हार मानून मोकळा. मामा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हे काय खरं नव्हं."

हा लेख मामांसाठी आहे असं समजा. ज्याला कुस्ती कळते त्याला एमएमए अर्धं आधीच कळतं, पण उरलेल्या अर्ध्यात तो बरोब्बर उलटं वाचतो. पाठीवर पडला म्हणजे हरला, पालथा पडून राहिला म्हणजे वाचला, पट काढला म्हणजे पॉइंट मिळाला, ही तिन्ही गणितं इथं चालत नाहीत.

आधी हे नियम आले कुठून

१२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी झाली. तेव्हा वजनी गट नव्हते, जज नव्हते, ग्लोव्हजची सक्ती नव्हती. चावायचं नाही आणि डोळे फोडायचे नाहीत, बाकी जवळजवळ सगळं चालायचं. पहिल्याच फाइटमध्ये जेरार्ड गोर्दो नावाच्या डच माणसाने सुमोवाल्या तैला तुलीच्या तोंडावर लाथ घातली आणि त्याचा दात उडाला. आणि ती स्पर्धा जिंकली कुणी, तर ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीने, जो अंगाने या पैलवानांपुढे काडी वाटावा असा होता. तो लोकांना मिठी मारून खाली घ्यायचा आणि गळा आवळायचा, समोरच्यांना आपल्याला काय होतंय हेच कळायचं नाही.

मग अमेरिकेत बोंबाबोंब झाली, सिनेटर जॉन मॅकेन याला माणसांची कोंबडझुंज म्हणाले, बऱ्याच राज्यांनी बंदी घातली. जगायचं तर नियम हवेत हे आयोजकांना कळलं आणि २००० च्या आसपास न्यू जर्सी राज्याच्या पुढाकाराने एक नियमावली तयार झाली. तिलाच युनिफाइड रुल्स म्हणतात आणि आज बहुतेक मोठ्या फाइट त्यावरच चालतात. खाली मी जे सांगतोय ते याच नियमांचं.

पायरी पहिली: आदल्या दिवशीचं वजन

फाइट समजून घ्यायची तर सुरुवात काट्यापासून करा. वजन साधारणपणे आदल्या दिवशी होतं. गट पाउंडात असतात, किलोत सांगायचं तर ५२.२, ५६.७, ६१.२, ६५.८, ७०.३, ७७.१, ८३.९, ९३ आणि शेवटी हेवीवेट, तो १२०.२ पर्यंत. टायटल फाइट नसेल तर एक पाउंडाची सूट मिळते, टायटल असेल तर ग्रॅमसुद्धा जास्त चालत नाही, म्हणूनच ते लोक टॉवेल आडवा धरून कपडे काढून काट्यावर उभे राहतात, त्यात फाजीलपणा काही नाही.

आता खरी गंमत. ७०.३ चा पैलवान फाइटच्या दिवशी ७०.३ चा नसतो. त्याने शेवटच्या दोन-तीन दिवसांत पाणी तोडून, गरम टबात बसून, सॉनात घाम काढून वजन खाली आणलेलं असतं आणि काट्यावरून उतरला की पाणी-मीठ-भात खाऊन पुन्हा वर नेलेलं असतं. आपल्याकडे कुस्तीतही पोरं हेच करतात, फडक्याफडक्याने घाम पुसत पळतात. पण हा प्रकार जीवावर बेततो. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी फायटर मनिलात वन चॅम्पियनशिप या यूएफसीसारख्याच आशियाई कंपनीच्या फाइटआधी वजन उतरवतानाच गेला. त्यानंतर त्या कंपनीने शरीरातलं पाणी तोडून वजन उतरवण्यावरच बंदी घातली, तिथं आता वजनाबरोबर लघवीची तपासणीही होते, पाणी कमी निघालं तर फेल.

पायरी दुसरी: केज, कपडे, वेळ

हे पटकन उरकू. केज म्हणजे जाळीचा पिंजरा, फाइट त्यात होते. ग्लोव्हज साधारण ४ औंसाचे, बोटं उघडी, म्हणजे पकडता येतं. बॉक्सिंगचे ८-१० औंसाचे असतात, त्यामुळे इथला ठोसा जास्त लागतो आणि हातांच्या आडोशाला लपताही येत नाही. माउथगार्ड सक्तीचा, पुरुषांना खाली कप सक्तीचा, पायात बूट नाहीत. तोंडाला व्हॅसलीन लावायचं तेही ठरलेल्या माणसाने, अंगाला चोळायचं नाही, कारण मग पकडच बसणार नाही (मातीतल्या कुस्तीत अंगावर माती का टाकतात ते आठवा, तेच तत्त्व).

राउंड ५ मिनिटांचा, मध्ये १ मिनिट विश्रांती. साधी फाइट ३ राउंडची, टायटल ५ राउंडचं. यूएफसीत रात्रीची शेवटची मुख्य फाइट टायटल नसली तरी ५ राउंडची ठेवतात. आत एक रेफ्री, बाहेर तीन जज.

पायरी तिसरी: डोळे कुठं ठेवायचे

फाइट तीन जागी होते. उभ्याने मारामारी, जाळीला किंवा अंगाला चिकटून झोंबाझोंबी, आणि खाली जमिनीवर. उभ्याचं कुणालाही कळतं. जाळीला रेटून धरलेलं असताना प्रेक्षक कंटाळतात, पण तिथं पाय बघा आणि काखा बघा. ज्याचे हात समोरच्याच्या काखेतून आत गेलेत त्याचं पारडं जड, हे कुस्तीवाल्याला सांगायची गरज नाही, ढाक टाकायच्या आधीची झटापट हीच असते.

घोळ होतो तो जमिनीवर. पाठीवर पडलेला फायटर जर वरच्याला दोन पायांच्या मध्ये अडकवून बसला असेल तर त्याला गार्ड म्हणतात, आणि तो अजून फाइटमध्ये आहे. तो तिथून हात मोडू शकतो, पायांनी गळा आवळू शकतो, उलटवून वर येऊ शकतो. वरचा हे पाय ओलांडून बाजूला आला की खालच्याचं टेन्शन सुरू, छातीवर स्वार झाला की मोठं टेन्शन. पण सगळ्यात वाईट जागा कुठली, तर पाठ देणं.

इथं पैलवान फसतात. कुस्तीत खाली पालथं पडून, हातपाय पसरून, मातीला चिकटून राहणं हा बचाव आहे, वरच्याने घिस्सा मारू दे नाहीतर काय करू दे, पाठ लागत नाही तोवर कुस्ती जिवंत. एमएमएत पालथा पडलात की वरचा पाठीवर बसतो, दोन्ही पायांचे आकडे मांड्यांत अडकवतो आणि मागून हात गळ्याखाली सरकवतो. संपलं.

तो मागून लागणारा गळा, त्याला रिअर नेकेड चोक म्हणतात, तो जरा जवळून बघू कारण निम्मी मजा तिथं आहे. लोकांना वाटतं श्वास कोंडला. तसं नाही, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, एका बाजूला दंड, दुसऱ्या बाजूला मनगटाकडचा भाग, आणि घशाच्या बरोब्बर समोर कोपराची वाटी. नीट बसला तर काही सेकंदांत माणूस झोपतो. त्यामुळे टीव्हीवर चेहरा बघू नका, हात बघा. खालच्याची हनुवटी छातीला चिकटलेली आहे का? त्याचे दोन्ही हात वरच्याच्या एका मनगटाला लटकलेत का? तोवर आशा आहे. आवळणाऱ्याचा तळवा स्वतःच्याच दुसऱ्या दंडावर बसला आणि तो दुसरा हात खालच्याच्या डोक्यामागे गायब झाला की तुम्ही मोजायला सुरू करा.

दुसरा खड्डा म्हणजे पट काढताना मान बाहेर ठेवणं. वाकून पायात शिरलात आणि डोकं समोरच्याच्या काखेत गेलं की तो वरून गळा पकडून मागे बसतो, याला गिलोटिन म्हणतात. आपल्या महाराष्ट्राचा भरत खंडारे, भारतातून यूएफसीत उतरलेला पहिला फायटर, २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये पहिल्याच राउंडला सोंग यादोंगच्या गिलोटिनमध्येच अडकला.

पायरी चौथी: निकाल कसकसा लागतो

झोपवला तर नॉकआउट. शुद्धीत आहे पण नुसता मार खातोय, स्वतःला वाचवत नाहीये, असं रेफ्रीला वाटलं तर तो मध्ये पडतो, तो टेक्निकल नॉकआउट. डॉक्टरने थांबवलं किंवा कॉर्नरने (म्हणजे बाहेर बसलेल्या त्याच्या कोचमंडळींनी) माणूस मागे घेतला तरी त्यातच धरतात. इथं बॉक्सिंगसारखं पडला म्हणून दहा आकडे मोजत नाहीत, पडला की समोरचा अंगावर जातोच, म्हणून रेफ्रीला फार झटपट ठरवावं लागतं. रेफ्री ओरडतो की लढ, हल, आणि तरी काही हालचाल नाही म्हटल्यावर तो स्वतःचं अंग मध्ये टाकतो. लवकर थांबवलं म्हणून शिव्या खातो, उशिरा थांबवलं तरी शिव्या खातो.

टॅप म्हणजे हाताने, पायाने किंवा तोंडाने हार मान्य करणं. तोंडाने ओरडला तरी टॅपच, दोन्ही हात अडकले असतील तर करणार काय. टॅप न करता बेशुद्ध पडला किंवा हात मोडला आणि रेफ्रीने थांबवलं तर टेक्निकल सबमिशन.

यातलं काहीच झालं नाही तर जजचे कागद.

पायरी पाचवी: पॉइंट, म्हणजे भांडणाचं मूळ

प्रत्येक राउंड वेगळा मोजतात. जिंकला त्याला १०, हरला त्याला ९. चांगलाच धुतला असेल तर १०-८, अगदीच एकतर्फी तर १०-७, पण हा क्वचितच दिसतो. १०-१० देता येतो पण जज टाळतात. शेवटी बेरीज.

आता राउंड जिंकला कुणी हे ठरवायचं कसं? क्रम पक्का आहे. आधी बघायचं परिणामकारक मारामारी आणि परिणामकारक पकड, दोन्ही एकाच तराजूत. म्हणजे कुणाच्या माऱ्याने किंवा पकडीने फाइट संपायच्या जवळ आली. ठोसा लागून पाय लटपटले, गळा असा बसला की सुटताना दम निघाला, हे मोठं. शंभर टपल्या मारल्या आणि समोरच्याला काही फरक पडला नाही, हे लहान. यात दोघं अगदी सारखे असतील तरच पुढे आक्रमकपणा बघायचा, आणि तोही सारखा असेल तरच केजच्या मध्यावर कुणाचा ताबा होता ते. बहुतेक राउंड पहिल्या कसोटीवरच संपायला हवेत, पण टीव्हीवरचे कॉमेंट्रीवाले "हा पुढे चालतोय, हा पुढे चालतोय" करत बसतात आणि आपण तेच धरून बसतो.

आणि मामा, इथं ऐका. नुसता पट काढून खाली पाडल्याचे स्वतंत्र पॉइंट नाहीत. गादीवरच्या कुस्तीत खाली घेतला की बोर्डावर २ चढतात. इथं खाली घेऊन तुम्ही पुढं काय केलंत ते विचारतात. पाडलं, वर बसून राहिलात, एक ठोसा नाही, गळ्याला हात नाही, आणि खालचा तुमच्या कानावर कोपरं मारत राहिला, तर राउंड खालच्याचा जाऊ शकतो. मामांना हे सगळ्यात जास्त झोंबलं.

जज चुकतात का? माणसं आहेत, वेगवेगळ्या बाजूला बसतात, एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला पाठमोरं असतं. मुझफ्फरनगरची पूजा तोमर ८ जून २०२४ ला लुइव्हिलमध्ये यूएफसीत जिंकली, भारताची पहिली महिला फायटर. ती फाइट स्प्लिट डिसिजनने लागली, म्हणजे दोन जज हिच्या बाजूने, एक विरुद्ध. पण आकडे बघा: एकाने पूजाला ३०-२७ दिलं, म्हणजे तिन्ही राउंड तिचे. दुसऱ्याने समोरच्या रायान दोस सांतोसला ३०-२७, म्हणजे पूजाचा एकही नाही. तिसऱ्याच्या २९-२८ ने काम झालं. एकच फाइट, एकच हॉल.

म्हणून माझा सल्ला असा की घरी कागद घेऊन बसा. राउंड संपल्याबरोबर, रिप्ले लागायच्या आत, आकडा लिहून टाका, आवाज बंद ठेवून केलंत तर अजून चांगलं. पाच-सहा फाइटनंतर तुमचे आकडे जजच्या जवळ यायला लागतात.

तिघे एकाच बाजूला तर युनॅनिमस. दोन जजने एकाला दिली आणि तिसऱ्याने बरोबरी म्हटलं तर मेजॉरिटी. ड्रॉ पण होतो, कधी पॉइंट कापला गेल्यामुळे, कधी १०-८ राउंडमुळे.

पायरी सहावी: काय चालत नाही

डोक्याने धडक, डोळ्यात बोट, चावणं, थुंकणं, केस ओढणं, अवघड जागी मारणं, तोंडात बोट घालून गाल ओढणं, एक-दोनच बोटं पकडून पिरगाळणं, गळ्याच्या घाटीवर मारणं, डोक्याच्या मागच्या बाजूला किंवा कण्यावर मारणं, उचलून डोक्यावर-मानेवर आपटणं, जाळी पकडणं, समोरच्याची चड्डी किंवा ग्लोव्हज पकडणं, बेल झाल्यावर मारणं. बोटं सरळ ताठ करून समोरच्याच्या तोंडाकडे हात धरला तरी फाउल, लागो न लागो. आणि नुसतं पळत राहणं, मुद्दाम माउथगार्ड थुंकून वेळ काढणं, हेही फाउलच.

सगळ्यात किचकट भाग म्हणजे खाली असलेल्या माणसाच्या डोक्याला गुडघा किंवा लाथ मारता येत नाही. पण खाली म्हणजे कधी? आधी नियम असा होता की हातसुद्धा टेकला असेल तर तो जमिनीवर धरायचा, मग हुशार लोक वाकलेले असताना हळूच तळवे टेकवून बसायचे, झालं, आता मार बघू. १ नोव्हेंबर २०२४ पासून यूएफसीत हे बदललं: हात आणि पाऊल सोडून शरीराचा कुठलाही भाग टेकला असेल तरच तो खाली. गुडघा टेकला तर खाली. नुसते हात टेकलेत तर गुडघा खायची तयारी ठेवा.

हा नियम किती महाग पडतो बघा. ६ मार्च २०२१, प्योत्र यान विरुद्ध अल्जमेन स्टर्लिंग, टायटल यानकडे. चौथ्या राउंडला स्टर्लिंग गुडघा टेकून होता आणि यानने त्याच्या डोक्यात गुडघा घातला. स्टर्लिंगला पुढे लढता येईना, रेफ्रीने मुद्दाम केलेला फाउल धरला आणि यान बाद. चॅम्पियन बाद होऊन बेल्ट जमिनीवर बसलेल्या माणसाकडे गेला.

त्याच २०२४ च्या बदलात सरळ वरून खाली मारायच्या कोपरावरची बंदीही उठली. घड्याळाच्या बारावरून सहावर येतं तसं कोपर. यूएफसीचा नामी चॅम्पियन जॉन जोन्सच्या रेकॉर्डवर जी एकुलती एक हार आहे ती याच कोपरामुळे, ५ डिसेंबर २००९, मॅट हॅमिल, जोन्स त्याला बदडत होता आणि बदडता बदडता बाद झाला. आज तसंच मारलं असतं तर जिंकला असता.

फाउल झाला की पुढे काय? रेफ्री ताकीद देईल, एक किंवा दोन पॉइंट कापेल, किंवा बाद करेल. अवघड जागी लागलं तर सावरायला ५ मिनिटांपर्यंत वेळ मिळतो. डोळ्यात बोट गेलं तर डॉक्टर बघतो. चुकून झालेल्या फाउलमुळे फाइट लवकरच थांबली तर नो कॉन्टेस्ट, म्हणजे झालीच नाही असं धरतात, मार्च २०२१ मध्येच लिऑन एडवर्ड्स आणि बेलाल मुहम्मदची फाइट दुसऱ्या राउंडच्या सुरुवातीला अशीच डोळ्यातल्या बोटाने गेली. पण ३ पैकी २ किंवा ५ पैकी ३ राउंड पूर्ण झाले असतील तर तिथवरचे पॉइंट मोजून निकाल देतात.

एक लक्षात ठेवा, कंपनी बदलली की नियम बदलतात. वन चॅम्पियनशिपमध्ये खाली असलेल्याच्या डोक्याला गुडघा चालतो, आणि तिथले जज राउंड राउंड न मोजता पूर्ण फाइट एकत्र बघतात. जपानच्या प्राइड या जुन्या स्पर्धेत तर पहिला राउंड १० मिनिटांचा आणि पडलेल्याला फुटबॉलसारखी लाथ चालायची. यूट्यूबवर जुनं काही बघून "रेफ्री झोपलाय काय" म्हणायच्या आधी वर कुणाचा लोगो आहे ते बघा.

पायरी सातवी: स्वतःला उतरायचं असेल तर

थेट केजमध्ये जाऊ नका. हौशी स्पर्धांचे नियम वेगळे आणि मऊ असतात. आंतरराष्ट्रीय हौशी फेडरेशनच्या नियमांत राउंड ३ मिनिटांचे ३, कोपर बंद, डोक्याला गुडघा बंद, टाच पिरगाळायचा डाव बंद, नडगीला पॅड आणि अंगात घट्ट टीशर्ट. तुमच्या स्पर्धेची नियमावली मागून घ्या, वाचा, आणि जे बंद आहे ते प्रॅक्टिसमध्येही बंद ठेवा, कारण घाईत हात सवयीचंच करतो. रक्ताच्या तपासण्या बहुतेक ठिकाणी मागतात, एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या, त्या आधीच करून ठेवा.

कुस्ती येत असेल तर पहिले काही महिने दोनच गोष्टी शिका: पाठीवर पडल्यावर काय करायचं, आणि मान कुठं ठेवायची. पट तुमचा आधीच चांगला आहे, क्लासमधली बाकी पोरं त्यालाच घाबरणार आहेत. पण त्याच जोरावर पहिल्या आठवड्यात सगळ्यांना पाडत सुटलात तर शिकायचं राहून जातं, एक चांगला मल्ल असाच सहा महिने तिथल्या तिथं राहिलेला मी पाहिलाय.

टॅप लवकर करा. तालमीत वस्तादांनी हार मानायची नाही शिकवलेलं असतं, ते इथं डोक्यातून काढायला वेळ लागतो. गळा लागला तर एखादवेळ झोपून उठाल, पण हात सरळ झाल्यावर "बघू किती ताणतो" केलंत तर कोपर सहा महिने घरी बसवतं.

आणि अंगावर खाजरा गोल चट्टा दिसला तर मॅटवर जाऊ नका. मी एकदा गेलो होतो, फुल बाह्यांचा टीशर्ट घालून, म्हटलं कुणाला दिसतंय. पंधरा दिवसांत अर्ध्या क्लासला नायटा, आणि सरांनी फिनाईलची बादली माझ्या हातात दिली, मॅट मी एकट्याने पुसला. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्यात मातीत हळद, ताक, लिंबू, तेल घालतात ते काय उगाच व्हय?"